मांडवाखालचं शेवाळ

सरकारनं आम्हाला जे वावर दिलं, ते आधी आम्हीच खरवडून काढलेलं होतं. दुष्काळात गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा माझे बाबा, माय, थोरली बहीण आणि कॉलेजला सुट्टी असली की मी, असे सगळे त्या कामावर होतो. तलावाच्या भिंतीला माती लागायची आणि ती भिंतीखालच्याच गायरानाच्या एका तुकड्यातून उचलली जायची. वरची काळी माती आम्ही टोपल्यांनी भिंतीवर नेऊन टाकली आणि मधल्या वेळेत त्याच खड्ड्यात बसून कामावर वाटलेली सुकडी खाल्ली. दुष्काळ सरला, तलाव भरला, भिंतीतून पाणी झिरपू लागलं आणि खालचा तुकडा बारमाही ओला झाला. मग भूमिहीनांना जमीन द्यायचा हुकूम आला. बौद्धवस्तीतून बाबांचं नाव लागलं आणि गावानं नेमका तोच तुकडा त्यांच्यासाठी पुढे केला. दुसऱ्या कोणी तो फुकटही घेतला नसता.

मला याचा फार राग आला. बाबांना आला नाही. ते म्हणाले, "जमीन हाय ना? मंग झालं तं."

बाबांचं हे असंच होतं. सगळा जन्म लोकांच्या वावरात राबण्यात गेला होता. छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यापासून त्यांनी दोनच गोष्टी मनात धरल्या होत्या. पोरी शिकवायच्या आणि स्वतःच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं. पहिली गोष्ट अर्धी झाली, कारण बहिणीची शाळा सातवीतच सुटली. मी मात्र बी.एस्सी. झाले. दुसरी गोष्ट हातात आली ती अशी, ढोपरभर चिखलाची.

पहिल्या वर्षी त्यांनी कपाशीची पऱ्हाटी लावली, ती मुळातून सडली. दुसऱ्या वर्षी ज्वारी पेरली, ती वीतभर होऊन पिवळी पडली. दोन्ही वर्षी तलाठ्यानं पिकाच्या रकान्यात 'पड' असं लिहिलं. दिलेली जमीन पडीक ठेवली तर सरकार परत घेतं, अशी अटच होती. तलाठी तसा वाईट माणूस नव्हता. दारात उभा राहून त्यानं स्वच्छ सांगितलं, "औंदा पीक दिसलं पाह्यजे, नाही तं माह्या हातात काही नाही."

आमच्या धुऱ्याला धुरा असलेल्या शेतकऱ्याला सगळं गाव मालक म्हणायचं. त्यांच्या म्हशी कित्येक वर्षं त्याच ओलीत डुंबायच्या. आम्ही काटेरी कुंपण केल्यावर मालक एवढंच म्हणाले, "करा बाप्पा, तुमचे दिवस हायेत." त्यांच्या बोलण्यात वरून काहीच नसायचं. मला असली माणसं उघड भांडणाऱ्यांपेक्षा जास्त खुपतात.

धान लावायचं बाबांच्या डोक्यात आलं ते तेव्हा. तरुणपणी ते रेल्वेच्या कामावर भंडाऱ्याच्या पलीकडे जाऊन आले होते आणि तिथे त्यांनी पाण्यात उभं असलेलं भाताचं पीक पाहिलं होतं. आमच्याकडे धान म्हणजे चेष्टेचा विषय. पाण्याचा प्रश्न धानानं सुटणार होता, मातीचा नाही. वरची काळी माती तर तलावाच्या भिंतीत जाऊन बसली होती. खाली उरला होता तो पांढुरका, निर्जीव थर. त्याला खत हवं होतं आणि त्या काळात युरियाचा असा तुटवडा की सोसायटीत आलेली पोती दुपारपर्यंत संपायची. शेणखत म्हणाल तर आमच्याकडे जनावर म्हणजे एक शेळी.

मला त्याच हिवाळ्यात मंगरूळपीरच्या बाहेर एका सरकारी फार्मवर हंगामी काम लागलं होतं. तिथे एका मावशीकडे राहायचे आणि रविवारी एस.टी.नं गावी यायचे. काम होतं शेवाळ वाढवायचं. साधं हिरवं नव्हे, निळसर हिरव्या जातीचं. हे शेवाळ हवेतला नत्र ओढून घेतं आणि धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या पाणथळ वाफ्यात, सोडलं की तिथल्या तिथे खत होऊन बसतं. फार्मवरच्या साहेबांकडे त्याचं मूळ बियाणं दिल्लीहून आलं होतं. पत्र्याच्या उथळ तबकांत माती, पाणी आणि थोडं सुपर फॉस्फेट टाकून त्यावर ते शिंपडायचं. दोन-तीन आठवड्यांत पाण्यावर त्याचा थर धरतो. मग पाणी आटू द्यायचं, थर सुकला की पापुद्रे खरवडून पिशवीत भरायचे. मला हे काम आवडायचं. बाकीची माणसं मात्र मला 'शेवाळवाली बाई' म्हणून हसायची.

घरी सांगितलं तेव्हा माय भाकर थापत होती. ती थांबली.

"म्हंजे जे आपुन रांजनातून घासून काढतो, थे?"

"तसलंच, पण थे नाही," मी म्हणाले.

"आनि थे आता मुद्दाम वाढवाचं?"

"हो."

तिनं बाबांकडे पाहिलं. शिकून पोरगी वाया गेली की सरकार वाया गेलं, हे तिला ठरवता येत नव्हतं. बाबांनी मात्र सगळं दोनदा विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "हवेतून घेते म्हंतं ना? हवा तं सोसायटीच्या मेंबराची नाही. आन मंग."

साहेबांना मी सरळ विचारलं. माझ्या वडिलांच्या वावरात करून पाहू का म्हटल्यावर ते खूशच झाले, कारण धान पिकवणारा माणूस त्यांना आमच्या तालुक्यात सापडतच नव्हता. त्यांनी स्वतः पुडी बांधून दिली. बाबांनी गावच्या लोहाराकडून जुन्या टिनाची तबकं ठोकून आणली आणि अंगणात ओळीनं मांडली, भर उन्हात. मीच तसं सांगितलं होतं, कारण फार्मवर सुरुवातीला तसंच असायचं.

पहिला थर धरला तो काही पाहण्यासारखा नव्हता. मळकट, तपकिरी, मध्येच एखादी हिरवी झाक. बाबा रोज सकाळी वाकून पाहायचे आणि उठायचे. त्यातून पाणी पुरेना. चैत्रातलं आमचं ऊन म्हणजे दुपारपर्यंत तबक कोरडं. वस्तीची विहीर तळाला गेलेली, आणि माय दोन खेपा घरासाठी केल्या की तिसरी शेवाळासाठी करायची. वाटेत बाया विचारायच्या, पाहुणे आले का. ती हो म्हणायची. शेवाळाला पाणी घालते हे सांगायची तिला लाज वाटायची.

याच धांदलीत वैशाखात बहिणीचं लग्न झालं. मानोऱ्याकडच्या एका गावी दिली. अंगणात बांबूचा मांडव घातला, वर जांभळाच्या आणि पळसाच्या डहाळ्या, कडेनं निळ्या पताका. दाट, गार मांडव होता तो. बाबांनी एकट्यानं घातला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आमच्या घराण्यात एक रीत होती. धर्म बदलला तेव्हा बाबांनी पुष्कळ रिती गावच्या नदीत सोडल्या, पण ही का कोण जाणे राहून गेली. मुलगी पहिल्यांदा माहेरी येऊन उंबरा ओलांडेपर्यंत तिच्या लग्नाचा मांडव काढायचा नाही. एरवी आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न असायचा. मुलगी यायची, तिच्याच हातानं एक डहाळी ओढायची, मग बाकीचा मांडव उतरायचा.

बहीण आली नाही. पहिल्यांदा निरोप आला, सासू आजारी आहे, पुढच्या आठवड्यात पाठवतो. पुढच्या आठवड्यात बाबा स्वतः घ्यायला गेले आणि एकटेच परत आले. तिला उभ्या उभ्या भेटू दिलं होतं, चहा दिला होता, पाठवलं नव्हतं. बाबांनी काय पाहिलं, तिनं काय सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही. घरी येऊन त्यांनी एकच काम केलं. मांडवावरच्या वाळलेल्या डहाळ्या काढून नव्या टाकल्या.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. मांडव जितका जास्त उभा, तितकी पोरीची गोष्ट अवघड. शेजारची म्हातारी मायला म्हणाली, "काढून टाक ना वं आता, किती दिस ठेवशीन?" माय आत निघून गेली. मांडव काढणं म्हणजे पोरगी येणार नाही असं आपल्या हातानं म्हणणं होतं, आणि बाबा ते म्हणायला तयार नव्हते.

मग त्यांनी तबकं मांडवाखाली ओढली. म्हटलं तर साधी गोष्ट. सावली होती, पाणी आटत नव्हतं, मायची खेप वाचत होती. पण बाबांच्या मनात त्याहून जास्त काही असणार. मांडवाला काही काम मिळालं की तो उगाच उभा आहे असं कोणी म्हणणार नव्हतं.

मी रविवारी आले तर अंगणात गर्दी. तबकांत शेवाळ असं फोफावलं होतं की फार्मवर मी तसं कधी पाहिलं नव्हतं. गर्द, निळं-हिरवं, मऊ. बोटानं उचललं तर पदर उचलल्यासारखा थर हाताला यायचा. मायसुद्धा कौतुकानं पाहत होती. बाबा मला म्हणाले, "पाह्य. तू म्हने ऊन पाह्यजे. अरे, ज्याले ऊन लागते थे का असं हासते?"

मी म्हटलं, "बाबा, हे शेवटी वावरात उन्हातच जाणार हाय."

"जाईन तवा जाईन. लेकराले आधीपासूनच कायले भाजाचं?"

मला पटलं नव्हतं, पण न पटण्याला आधारही नव्हता. फार्मवर साहेबांना विचारलं तर त्यांनी मला छपरीत नेलं. तिथे जिल्ह्याचे अधिकारी पाहायला येणार म्हणून आमची तबकंही गवताच्या छपराखाली नेऊन ठेवलेली होती आणि तशीच गर्द झाली होती. साहेब म्हणाले, "रंग चढला की समजा तयार झालं." साहेब मन लावून काम करणारे होते, आणि हे शेवाळ आमच्याकडच्या उन्हात कसं वागतं हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

मृगात वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून बांधी केली. आषाढात रोपं लावली. चिखलात वाकलेली आमची माणसं बघायला गावातून लोक येऊन धुऱ्यावर बसले होते. आठवडाभरानं बाबांनी शेवाळाचे पापुद्रे धोतराच्या ओच्यात घेतले आणि पेरतात तसे पाण्यावर टाकले. आभाळ सारखं भरलेलं होतं. पाणी संथ. दर सकाळी पाण्यावरची हिरवी झाक थोडी वाढलेली दिसायची. मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा आख्ख्या बांधीवर हिरवा पडदा तरंगत होता आणि रोपांची पानं ताठ झाली होती. बाबा धुऱ्यावर बसले होते, पायाशी चप्पल काढून ठेवलेली. देवळात न जाणारा माणूस, पण त्या दिवशी तसे बसले होते. म्हणाले, "तुह्या बहिनीले दाखवाचं हाय."

आणि मग उघाड पडली. आमच्याकडे पावसाळ्यात अशी उघाड पडते तेव्हा धुतलेल्या आभाळातून ऊन उभं येतं, वैशाखापेक्षा जास्त टोचतं. रोपं अजून वीतभर, त्यांची सावली ती काय पडणार. पहिल्या दिवशी पडदा पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी त्याला बुडबुडे आले आणि त्यानंतर बांधीवर दुधावरच्या सायीसारखं पांढरं काहीतरी फुगून आलं. वास तर धुऱ्यावर उभं राहवेना असा. शेवाळ मेलं होतं. रोपांच्या बुंध्याशी ते कुजत बसलं आणि पानं खालून पिवळी पडायला लागली.

मी तिथे नव्हते. हे सगळं मला रविवारी घरी आल्यावर मायनं सांगितलं, आणि त्यानंतर जे झालं तेही. बाबांना एकच शक्यता दिसली, कोणीतरी औषध टाकलं. आणि कोण टाकणार, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. मालक आपल्या वावरात निंदण करून घेत होते, तिथे बाबा गेले आणि सगळ्या बायांदेखत म्हणाले, "काहून मारलं? म्हशीसाठी? सांगा ना, माह्या पोराबाळाच्या पोटापरीस म्हशी मोठ्या झाल्या?"

बाबांनी आयुष्यात कोणाला असं विचारलं नव्हतं. ज्यांना विचारायला हवं होतं अशी माणसं गावात पुष्कळ होती, आणि बाबा त्यांच्यासमोर गप्प राहिले होते. इतक्या वर्षांचं साठलेलं नेमकं ज्या गोष्टीत मालकांचा काही दोष नव्हता तिथे बाहेर पडलं. मालक हातातली विडी टाकून म्हणाले, "मी नाही टाकलं काही. पन आता तुमी म्हनताच हाये तं पाहू." त्या दिवसापर्यंत त्यांना त्या तुकड्याची तशी घाई नव्हती. त्यानंतर ते तालुक्याला जाऊन आले.

सोमवारी फार्मवर मी पोचले तेव्हा तिथेही तेच. अधिकारी येऊन पाहून गेल्यावर तबकं छपरीतून बाहेर काढली होती आणि उघाडीच्या उन्हात एकेक पांढरं पडत होतं. साहेब तबकांच्या ओळीत नुसते फिरत होते. वाचलं होतं फक्त एक. पंपघराच्या मागे पडलेलं, उन्हाळाभर कोणी न हलवलेलं. त्यात पाणी कधी असायचं, कधी नसायचं, कोणी आठवणीनं घातलं तर. त्याच्या तळाशी जखमेवर धरते तशी तपकिरी खपली होती. साहेबांनी ती नखानं उचलली आणि पाण्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती उलगडली होती आणि आतून हिरवी होती.

तेव्हा साहेबांना त्यांच्या शिक्षणातलं कुठलंतरी प्रकरण आठवलं. पायरीवर बसून त्यांनी मला ते समजावलं आणि मला ते अजून तसंच लक्षात आहे. शेवाळ जगतं उन्हावर, आणि जगताना प्राणवायू सोडतं. पण ऊन पेलवेनासं झालं की तोच प्राणवायू जहाल रूप घेतो आणि ज्या पेशीनं त्याला जन्म दिला तिलाच आतून जाळतो. जे शेवाळ उन्हात वाढतं ते हळूहळू त्याची तयारी करतं. अंगावर तपकिरी आवरण धरतं, आत पिवळे-नारिंगी रंग साठवतं, ते जहर मुरवायची सोय करतं. या सगळ्यात त्याची ताकद खर्च होते, म्हणून ते वाढतं कमी आणि दिसतं कळकट. सावलीतल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. ते आपली सगळी ताकद वाढण्यात घालतं. "आपण वाढ पाहत बसलो," साहेब म्हणाले. "तग धरेल का, ते पाहिलंच नाही."

त्यांनी मला ती खपली थोडी खरवडून दिली. मूळ बियाण्यातलं आता तेवढंच जिवंत होतं, तरी दिली.

मी आडवारी रजा टाकून गावी गेले. बाबांना सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. मालकांनी काही टाकलं नव्हतं हे सांगितलं. का मेलं तेही सांगितलं. ते ऐकत असताना त्यांची नजर अंगणात होती, मांडवाकडे. डहाळ्या अजून हिरव्या होत्या, त्यांनी तिसऱ्यांदा बदलल्या होत्या. पुडी उघडून दाखवली तर म्हणाले, "हे तं मेलेलंच हाय."

"नाही, बाबा."

"तुले माहीत."

ते वावरात आले नाहीत. मी एकटीच गेले आणि तलावाच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे पाझराचं ताजं पाणी यायचं, तिथे पुडी रिकामी केली. चिमूटभर तर होती. कोपऱ्यापेक्षा जास्त जागेला ती पुरली नसती.

पोळ्याच्या सुमारास बहीण आली. कोणी घ्यायला न जाता, दिराबरोबर, एस.टी.नं. तिची सासू खरोखरच आजारी होती. लग्नाच्या चौथ्या दिवशी सासूची एक बाजू लुळी पडली होती आणि घरात दुसरी बाई नव्हती. बस, एवढंच होतं. बाबांनाही तिनं तेच सांगितलं होतं, पण लेकीनं सासरचं झाकून घेतलं असं समजून त्यांनी ते खरं मानलं नव्हतं. ती हडकली होती, पण हसत होती. अंगणात येऊन थबकली आणि म्हणाली, "बाबा, हा अजून काहून ठेवला?" तिनं हात वर करून एक डहाळी ओढली, आणि त्या संध्याकाळी बाबांनी एकट्यानं, जसा घातला होता तसा, मांडव उतरवला. बांबू घराच्या भिंतीला लावून ठेवले. अंगण एकदम उघडं पडलं. माय रात्री मला म्हणाली की खरं दुःख कोणावरच आलं नव्हतं, तरी इतकं वाईट वाटलं.

तलाठी आला तो भादव्यात. त्याच्याबरोबर वरचा एक माणूस होता आणि मालक होते. मी त्या दिवशी घरी होते. बांधीत धान होतं खरं, पण घोट्याएवढं, पिवळं, मध्ये मध्ये नुसतं पाणी. फक्त तलावाकडच्या कोपऱ्यात एक जागा होती, बाजेएवढी. तिथलं धान गुडघ्याच्या वर गेलं होतं, काळंभोर हिरवं, लोंबीला आलेलं. बुंध्याशी पाण्यावर तपकिरी-हिरवा थर. मी त्यांना तिथे घेऊन गेले. बोलले पुष्कळ. शेवाळ, ऊन, हवा, पुढच्या वर्षी सगळी बांधी अशी होईल, सगळं. वरच्या माणसानं शांतपणे ऐकलं.

तलाठी मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, एवढुशा तुकड्यावर मी पीक कसं लिहू? आनि आता तक्रार हाय."

नोटीस आली. वाशीमला तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला बाबा धुतलेलं धोतर नेसून, खिशात त्या कोपऱ्यातली एक लोंबी कागदात गुंडाळून घेऊन जायचे. ती त्यांना कोणी बाहेर काढू दिली नाही. तिसऱ्या की चौथ्या तारखेला निकाल झाला, शर्तभंग. जमीन सरकारजमा. पुढच्या उन्हाळ्यात तीच जमीन एकसाल लावणीनं, म्हणजे वर्षाच्या भाडेपट्ट्यानं, मालकांना मिळाली. त्यांनी काही लबाडी केली असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी अर्ज केला होता आणि दुसरा अर्ज नव्हता.

मालकांनी तिथे म्हशी सोडल्या नाहीत. धान लावलं. हसणारे लोक आता हसले नाहीत. माझं फार्मवरचं काम तोवर संपलं होतं, मी घरीच होते, आणि त्या बाजूला जायचं टाळत होते. बाबा मात्र रोज सकाळी जायचे. माय चिडायची, "दुसऱ्याच्या वावराची राखन करून राह्यले का तुमी?" ते चप्पल पायात घालून निघायचे.

एकदा जेवायला बोलवायला म्हणून मी गेले. उघाड पडली होती, तेच उभं ऊन. आणि मालकांची आख्खी बांधी, त्या कोपऱ्यापासून पार दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, तपकिरी-हिरव्या थरानं भरली होती. कोणी टाकलं नव्हतं. कोपऱ्यातलं तेच चिखलात वाळून राहिलं, उन्हाळा काढला आणि पाण्याबरोबर पसरलं. वर धान असं होतं की त्यातून पाणी दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर ते जळून जावं असं वाटलं, मुळासकट.

बाबा धुऱ्यावर उकिडवे बसले होते. हातात काटकी होती. वाऱ्यानं कडेला येऊन चिखलाला लागलेला शेवाळाचा थर ते त्या काटकीनं सोडवत होते आणि हळूहळू आत, धानाच्या बुंध्याकडे ढकलत होते.

"बाबा, त्यायचं वावर हाय थे," मी म्हटलं.

"हाव."

"मंग?"

त्यांनी वर पाहिलं नाही. आणखी एक तुकडा सोडवला, तो पाण्यावर सरळ होईपर्यंत थांबले आणि आत लोटला.

"वावर त्यायचं हाय," ते म्हणाले. "हे आपलं हाय. कडेले वाळून जाईन ना."